कंधार आणि कंदाहार

नांदेड जिल्ह्यातले कंधार आणि अफगाणिस्तानातले कंदाहार यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक आहे तो फक्त एका ‘ए’चा. मराठीत मात्र ही नावे उच्चाराने आणि लेखनाने सहज वेगळी ठेवता येतात. तरीही २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आणि कंदाहारला नेलेल्या भारतीय विमानाचे अपहरण आपल्याकडे आजही ‘कंधार प्रकरण’ म्हणून सांगितले जाते. हिंदीत अफगाण शहरालाही ‘कंधार’च म्हणतात आणि हिंदीतून बातमी मराठीत आणताना ते नाव जसेच्या तसे उचलले जाते. हे थांबायला हवे. मराठी वाचकाच्या नकाशावर कंधार आधीपासून आहे. त्या नावावर दुसरे शहर बसवणे म्हणजे चुकीची माहिती देणे होय.

संदर्भावरून कळतेच, असे कोणी म्हणेल. बातमी ताजी असते तोवर कळते. पुढे सूचीत, शीर्षकात, शोधयंत्रात संदर्भ गळतो आणि नाव तेवढे उरते. इतिहासातच याचा दाखला आहे. शाहजहानच्या काळात मोगलांनी या दोन्ही ठिकाणचे किल्ले मिळवले. दख्खनचा कंधार १६३१ मध्ये नसीरी खानाने वेढा घालून घेतला, तर कंदाहार १६३८ मध्ये अली मर्दान खानाने स्वाधीन केला. विंडसरच्या संग्रहातील ‘पादशाहनामा’ या शाहजहानच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासात पयाग या चित्रकाराने रंगवलेला १६३१चा वेढा आपल्या कंधारचा आहे. पण त्याच्या इंग्रजी शीर्षकात अफगाण शहराशी जुळणारे स्पेलिंग येते आणि ते वाचणारा थेट अफगाणिस्तानात पोहोचतो. मन्याड नदीकाठच्या आपल्या किल्ल्याचा इतिहास असा परक्या खात्यावर जमा होतो.

रूढ झालेला शब्द आता कशाला बदलायचा, हा आक्षेपही टिकत नाही. ‘कंदाहार’ हे रूपही मराठीत चांगले परिचयाचे आहे, नवे काही घडवायचे नाही. ही केवळ गावाच्या अभिमानाची बाबही नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी जोडलेले कंधार आणि १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक-अरामी शिलालेख सापडलेले कंदाहार, दोन्हींचा स्वतंत्र वारसा आहे. वृत्तपत्रांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी अफगाण शहर सर्वत्र ‘कंदाहार’ असेच लिहावे. इंग्रजी मजकुरात आपल्या गावापुढे ‘नांदेड’ जोडावे. यासाठी ना खर्च लागतो ना शासन निर्णय. छापण्यापूर्वी मजकुरावर एकदा नजर फिरवली तरी पुरे.