एका रकान्यात तीन मापे

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या विक्रीयादीत तो पहिल्या क्रमांकावर फक्त एक आठवडा होता. बँडच्या मायदेशात, ब्रिटनमध्ये, त्या वेळी तो दुसऱ्या क्रमांकापलीकडे गेलाच नाही. तरीही १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या यादीत त्याने एकूण ७४१ आठवडे काढले. त्याची ख्याती टिकून राहण्याची आहे, शिखर गाठण्याची नाही. पुढच्या काळातले आठवडे मिळवून आता ही बेरीज साडेनऊशेच्या पुढे गेली आहे आणि रॉक संगीताविषयीच्या जवळपास प्रत्येक लेखात ती निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून उद्धृत होते. बेरीज गणिताने बरोबर आहे. पण जे आठवडे एकत्र मिळवले आहेत, ते एकाच मापाचे नाहीत.

पहिले ७४१ आठवडे ज्या यादीतले आहेत, ती यादी विकलेल्या प्रती मोजून तयार होत नसे. निवडक दुकानांना दर आठवड्याला विचारले जाई आणि दुकानदार किंवा त्याचा सहायक कोणते अल्बम जोरात खपत आहेत याची उतरंड सांगे. या उतरंडीत खऱ्या खपाबरोबर दुकानदाराचा अंदाज, त्याची आवड आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून मिळणाऱ्या फुकट प्रतींचा प्रभाव मिसळलेला असे. मे १९९१ मध्ये बिलबोर्डने ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत स्वीकारली, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर वाचल्या जाणाऱ्या बारकोडची नोंद हाच आधार मानला, आणि काही आठवड्यांतच कंट्री, रॅप आणि हेवी मेटल या प्रकारांचे अल्बम यादीत अनपेक्षित उंचीवर दिसू लागले. श्रोत्यांची अभिरुची त्या उन्हाळ्यात अचानक पालटली नव्हती. तिच्यावरचा मध्यस्थाचा पडदा दूर झाला होता. त्याच सुमारास दुसरा नियम लागू झाला: प्रकाशनाला ठरावीक काळ उलटलेले आणि यादीत खाली घसरलेले अल्बम मुख्य यादीतून काढून जुन्या अल्बमांच्या वेगळ्या यादीत टाकायचे. हा नियम डिसेंबर २००९ मध्ये रद्द झाला. म्हणजे मधली अठरा वर्षे ‘डार्क साइड’ कितीही खपला असता, तरी मुख्य यादीत त्याला एरवी जागा नव्हती. आणि हाच नियम १९७३ पासून असता, तर ७४१ हा आकडा अस्तित्वातच आला नसता. डिसेंबर २०१४ पासून गाण्यांचे स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरून थेट ऐकणे, विक्रीत धरले जाऊ लागले, तेव्हा त्याच रकान्यात तिसरे माप आले. पहिल्या काळात दुकानदाराचे मत मोजले गेले, दुसऱ्यात खरेदी, तिसऱ्यात मुख्यतः ऐकणे, आणि तेही खरेदीत रूपांतरित करून.

मोजणीची पद्धत बदलणे यात मुळात गैर काही नाही. जनगणनेच्या व्याख्या बदलतात, महागाईच्या निर्देशांकातल्या वस्तू बदलतात. पण तिथे आधारवर्ष बदलले की ते सांगितले जाते आणि जुनी व नवी मालिका जोडताना जोडगुणक दिला जातो. संगीताच्या विक्रमांत हे होत नाही. कारण उघड आहे: या मालिका ठेवणाऱ्या संस्था प्रसिद्धीच्या व्यवसायाशी बांधलेल्या आहेत, आणि मालिका तुटली असे सांगण्यापेक्षा विक्रम मोडला असे सांगणे त्यांना अधिक उपयोगी पडते.

विक्रीच्या प्रमाणपत्रांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, १९५८ मध्ये ‘गोल्ड’ प्रमाणपत्र सुरू केले, तेव्हा अल्बमसाठी निकष होता उत्पादकाच्या दराने दहा लाख डॉलरची विक्री. पुढे त्यात पाच लाख प्रतींची अट आली आणि १९७६ मध्ये दहा लाख प्रतींसाठी ‘प्लॅटिनम’ आले. या प्रती ग्राहकाने विकत घेतलेल्या नव्हेत, कंपनीने दुकानांकडे रवाना केलेल्या. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये ‘किस’ या बँडच्या चार सदस्यांचे चार स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी निघाले आणि कंपनीने प्रत्येकाच्या सुमारे दहा लाख प्रती बाजारात लोटल्या. चारही प्लॅटिनम ठरले. प्रतींचा मोठा हिस्सा दुकानांतून परत आला. परतीच्या मालाची वजावट हिशेबात धरण्याची तरतूद आहे, पण प्रमाणपत्र मिळते त्या क्षणी परतीचा माल बहुधा अजून दुकानाच्या मांडणीवरच असतो.

त्यात आणखी एक पोटनियम आहे. दोन तबकड्यांच्या अल्बमचा एक संच विकला गेला की दोन एकके मोजली जातात. पिंक फ्लॉइडचाच ‘द वॉल’ हा १९७९ चा अल्बम दोन तबकड्यांचा आहे आणि १९९९ मध्ये त्याला २३ पट प्लॅटिनमचे प्रमाणपत्र मिळाले. ‘डार्क साइड’ला १९९८ मध्ये १५ पट मिळाले होते. कागदावर ‘द वॉल’ दीडपट लोकप्रिय दिसतो. प्रत्यक्षात २३ पट म्हणजे १ कोटी १५ लाख संच, आणि १५ पट म्हणजे दीड कोटी प्रती. क्रम उलटा होतो. प्रमाणपत्रासाठी कंपनीने स्वतः अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. त्यामुळे एखाद्या अल्बमचा आकडा वर्षानुवर्षे गोठलेला राहतो, तर दुसऱ्याचा एका दिवसात झेप घेतो. ‘ईगल्स’च्या १९७६ च्या निवडक गाण्यांच्या अल्बमचे प्रमाणपत्र २०१८ मध्ये २९ पटीवरून थेट ३८ पटीवर गेले आणि मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मागे पडला. त्याआधी दोनच वर्षे आरआयएएने अल्बमच्या प्रमाणपत्रात स्ट्रीम मोजण्यास सुरुवात केली होती. या झेपेतला किती भाग जुन्या विक्रीच्या फेरतपासणीचा आणि किती स्ट्रीमचा, हे त्या एका आकड्यावरून वाचकाला कळत नाही.

इथपर्यंतचे दोष इतिहासलेखनाचे म्हणता येतील आणि ते अभ्यासकांनी तळटीपा लिहून निस्तरावेत. चिंतेचा विषय रूपांतराचे सूत्र हा आहे, कारण ते भूतकाळापुरते मर्यादित राहत नाही.

बिलबोर्डच्या २०१४ च्या सूत्रानुसार एखाद्या अल्बममधील गाणी मिळून १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असे धरले जाई. एकच गाणे १,५०० वेळा ऐकले तरी पूर्ण अल्बमची विक्री नोंदली जाई. ‘अल्बम’ या एककात अखंड ऐकण्याची जी कल्पना गृहीत होती, ती इथेच संपते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूत्र ट्रॅक मोजते, वेळ मोजत नाही, आणि बहुतेक स्ट्रीमिंग मंचांवर तीस सेकंद वाजले की एक ट्रॅक ऐकला गेला असे मानतात. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या १९७५ च्या अल्बममध्ये मूळ मांडणीत पाच ट्रॅक आहेत आणि तो साधारण ४४ मिनिटांचा आहे. त्या सूत्रानुसार एका विक्रीसाठी तो अथपासून इतिपर्यंत ३०० वेळा, म्हणजे २२० तास ऐकावा लागे. दोन-दोन मिनिटांच्या वीस गाण्यांचा चाळीस मिनिटांचा अल्बम ७५ वेळा, म्हणजे ५० तास ऐकला की तीच नोंद होई. १९७१ च्या ‘मेडल’ या अल्बमची एक पूर्ण बाजू व्यापणारी ‘एकोज’ ही तेवीस मिनिटांची रचना या हिशेबात अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याच्या बरोबरीची आहे.

असे मापन तटस्थ राहू शकत नाही. ज्या रचनेला एका तासात दोन नोंदी मिळतात आणि जिला तीस मिळतात, त्यांच्यातील निवड करताना संगीतकाराने आपल्या कलात्मक निर्णयाची किंमत स्वतः मोजावी, अशी व्यवस्था तयार होते. आणि अशी व्यवस्था दीर्घकाळ राहिली की निर्णय कोणी बदलायला सांगितले नाहीत तरी बदलतात. अल्बममधल्या गाण्यांची संख्या वाढवणे, गाणी आखूड करणे, प्रस्तावनेचे सूर छाटून थेट ध्रुवपदावर येणे या प्रवृत्तींमागे इतर कारणेही आहेत, अभिरुचीतला बदल हे त्यांतले एक. पण हिशेबाची रचना त्या सगळ्यांना एकाच दिशेने ढकलते.

तंत्राने संगीताला आकार देणे नवे नाही, असा प्रतिवाद होऊ शकतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केला आणि त्या ध्वनिमुद्रिका आजही अभ्यासल्या जातात. प्रतिवाद खरा आहे, पण अपुरा. ती मर्यादा भौतिक होती, सर्वांना सारखी होती, आणि एलपी आल्यावर नाहीशी झाली. आताच्या फायलीला लांबीची मर्यादा उरलेली नाही. आहे तो लांबीवरचा हिशेबी दंड, आणि तो काही थोड्या संस्थांनी ठरवलेल्या गुणकातून येतो.

या गुणकाने २०१८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. बिलबोर्डने पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे १,२५० स्ट्रीम आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम यांना एका अल्बमच्या बरोबरीचे ठरवले. व्यापारी दृष्टीने यात विसंगती नाही, कारण फुकट ऐकण्यातून महसूल कमी मिळतो. परंतु लोकप्रियतेचे माप म्हणून पाहिले तर एका माणसाचे ऐकणे दुसऱ्याच्या एक-तृतीयांश ठरले, आणि कारण फक्त ऐपतीचे. १९५८ मध्ये डॉलरने सुरू झालेले माप प्रतींच्या मार्गाने फिरून पुन्हा डॉलरवर आले आहे. फरक एवढाच, की आता त्याचे नाव ‘विक्री’ असून ते ‘ऐकणे’ म्हणून वाचले जाते.

हे आकडे केवळ शोभेचे राहिलेले नाहीत, हा सावधगिरीचा खरा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनीने पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेतल्याचे वृत्त आले. अशा व्यवहारात किंमत ठरते ती पुढच्या काही दशकांत येणाऱ्या उत्पन्नाच्या अंदाजावर, आणि एवढी रक्कम गुंतवणाऱ्याला ते ध्वनिमुद्रण सतत कानावर पडत राहावे असा ठोस हितसंबंध निर्माण होतो: वर्धापनदिनाच्या पेट्या, नव्या रंगांच्या तबकड्या, चित्रपटातले वापर, मंचांच्या गीतयाद्यांत कायमची जागा. स्ट्रीम वाढले की यादीतले स्थान टिकते, स्थान टिकले की शिफारस करणाऱ्या प्रणालीला ते लोकप्रियतेचा पुरावा वाटते, आणि शिफारशीतून पुन्हा स्ट्रीम येतात. बहुतेक मंच वर्गणीचा पैसा एकत्र करून एकूण स्ट्रीममधल्या वाट्यानुसार वाटतात, त्यामुळे हा वाढता वाटा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातूनच येतो. अमेरिकेत आज संगीताच्या एकूण खपात दीड वर्षाहून जुन्या संगीताचा हिस्सा सत्तर टक्क्यांच्या वर आहे. बॉब मार्लीचा ‘लेजंड’ आणि ‘जर्नी’ या बँडचा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह आठशे आठवड्यांपलीकडे गेले आहेत. आजच्या पद्धतीत असा मुक्काम अपवाद राहण्याचे कारण उरलेले नाही. नियम असेच राहिले, तर येत्या दशकात हजार आठवडे ही बऱ्याच जुन्या संग्रहांची सामान्य अवस्था होईल, आणि १९७३ ते १९८८ या काळात एका अल्बमने नवीन तबकड्यांच्या रेट्यात जे साधले, त्याचे वेगळेपण मोजता येईल असे साधन आपल्याकडे शिल्लक राहणार नाही.

जुनी पद्धत परत आणावी असे यातून निघत नाही. दुकानदाराच्या उत्तरापेक्षा सर्व्हरची नोंद निःसंशय अधिक अचूक आहे. विकत घेऊन कधीही न वाजवलेली तबकडी आणि झिजेपर्यंत वाजवलेली तबकडी यांत जुने माप भेद करू शकत नव्हते, नवे करू शकते. नेमके म्हणूनच आजची स्थिती समर्थनीय नाही. किती वेगळ्या व्यक्तींनी ऐकले, किती मिनिटे ऐकले, किती जणांनी रचना शेवटपर्यंत ऐकली, ही माहिती मंचांकडे पडून आहे, आणि ती सगळी गाळून ‘समतुल्य अल्बम’ असा एक काल्पनिक आकडा जगापुढे ठेवला जातो.

मराठी वाचकाने हा दूरदेशीच्या रॉक बँडचा मामला समजू नये. किशोरी आमोणकरांचा किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचा पाऊण तासाचा ख्याल अखंड ठेवला, तर या हिशेबात तो एक स्ट्रीम आहे, आणि मंचावरचा त्याचा मोबदलाही सहसा एका स्ट्रीमचाच. त्याचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करण्याला आर्थिक कारण तयार आहे. आपल्याकडे अशा याद्यांचे नियम अजून घट्ट झालेले नाहीत. ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या संघटनेने साप्ताहिक यादी सुरू केली ती २०२१ मध्ये, आणि तीही आंतरराष्ट्रीय गाण्यांची. भारतीय संगीताची मोजणी ज्यांच्या हाती येईल त्यांनी प्रती, स्ट्रीम, श्रोते आणि ऐकलेली मिनिटे हे चार रकाने वेगळे छापावेत आणि त्यांची बेरीज करू नये. हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांकडे आणि मंचांकडे ही मागणी गायकांनी, संगीतसंस्थांनी आणि संगीतावर लिहिणाऱ्यांनी नियम ठरण्याआधी केली पाहिजे.