हरितगृहाचे साहित्य आणि पावतीवरील चार शब्द

बेळगावसारख्या गावी घरामागच्या परसात लहानसे हरितगृह उभारण्याची हौस आता नवलाची राहिलेली नाही. कोणी त्यात ऑर्किड जोपासतो, कोणी मिरची-टोमॅटोची रोपे करतो. या हौसेला लागणारे साहित्य आपल्याच पेढ्यांवरून जाते. म्हणून त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हरितगृह म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काच उभी राहते, आणि ते स्वाभाविक आहे. इंग्लंडात १८४५ साली काचेवरील कर उठला. १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड, लाकूड व काच यांचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. आणि त्याच धर्तीवरील बंगळूरच्या लालबागेतील काचगृहाची पायाभरणी १८८९ साली झाली. परंतु थंड देशातील काचगृह ऊब साठविण्यासाठी असते. आपणांस ऊब साठवावयाची नाही. आपला प्रश्न आहे तो आषाढातील पावसाच्या माऱ्याचा, वैशाखातील उन्हाचा आणि वळवाच्या वाऱ्या-गारांचा. तेव्हा परसातील हौशी माणसाच्या गळ्यात काच बांधू नये, असे आमचे मत आहे. चार मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला दहा किलो भरते. तिला पेलणारा सांगाडा घ्यावयाचा, आणि आत उष्णता कोंडली म्हणून तिच्यावर पुन्हा हिरवी जाळी ओढावयाची, यात शहाणपण कोणते?

प्लॅस्टिकच्या कागदाचे तसे नाही. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील एमर्ट या प्राध्यापकाने १९४८ साली काचेऐवजी असे स्वस्त आवरण वापरून पाहिले, आणि आज जगभर तीच वहिवाट पडली आहे. कागद हलका, म्हणून सांगाडाही हलका चालतो. मात्र वारा आत शिरून तो वर उचलू पाहतो, तेव्हा खांब जमिनीत पक्के रोवावे लागतात. काचेचे घर पेलावे लागते, कागदाचे घर धरून ठेवावे लागते. एवढे गिऱ्हाइकास सांगावयास दोन मिनिटेही लागत नाहीत, पण सांगतो कोण?

खरी अडचण याच्या पुढची आहे. या मालाचा गुण डोळ्यांस दिसत नाही. अतिनील किरणांना टिकणारे द्रव्य मिसळलेला कागद आणि साधा कागद दुकानात शेजारी ठेवले, तर जाणत्यासही फरक सांगता येणार नाही. पहिला नीट जपल्यास तीनएक वर्षे राहतो; दुसरा एका उन्हाळ्यातच ठिसूळ होऊ लागतो. नळ्यांचीही तीच गत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली नळी काहीशी मळकट दिसते, आणि पातळ मुलाम्याची नळी मात्र नव्याने चकचकीत. साहजिकच गिऱ्हाईक चकाकीवर भुलते. शिवाय चांगल्या नळीलाही वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते आणि गंज तेथूनच धरतो. म्हणून सांधे नट-बोल्टांनी जोडावेत. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याची संरक्षक थर असलेली बाजू सूर्याकडे हवी. ती उलटी बसविली की पैसे पाण्यात.

एक गोष्ट मात्र तराजूवर पडताळता येते. दोनशे मायक्रॉन जाडीचा कागद चौरस मीटरला सुमारे १८५ ग्रॅम भरतो. कमी भरला तर जाडी कमी आहे, यात वाद नाही. हा हिशेब आपण स्वतःच गिऱ्हाइकापुढे करून दाखवावा. द्रव्याची पारख मात्र तराजू करू शकत नाही. तेथे विक्रेत्याच्या शब्दावाचून गिऱ्हाइकास दुसरा आधार नाही.

यावर आमचे काही व्यापारी बंधू म्हणतात की, लोकांना स्वस्तच हवे असते. असेल. स्वस्त माल विकण्यास आमची हरकत नाही. चार महिन्यांची रोपवाटिका करणाऱ्यास साधा कागद पुरेसाही होतो. हरकत आहे ती दोन्ही माल एकाच नावाने विकण्यास. आज पावतीवर नुसते ‘प्लॅस्टिक, इतके किलो’ असे लिहिले जाते. त्याऐवजी जाडी किती मायक्रॉन, अतिनील-रोधक आहे की नाही, कारखान्याने हमी किती महिन्यांची दिली आहे आणि नळीवरील जस्त कोणत्या रीतीचे, एवढे चार तपशील लिहावेत. पावतीपुस्तके नव्याने छापावयाची असतीलच, तर येत्या पाडव्याला हे रकाने त्यांत घालून घ्यावेत.