काचेतला समुद्र : आधी दगड, मग वाळू

ईदीचे पैसे जमवून गप्पी, मॉली किंवा एखादा फायटर पाळणारी मुले आमच्या वर्गात दरवर्षी चार-दोन असतातच. त्यांतले एखादे नववी-दहावीत गेले की त्याला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश हवासा वाटू लागतो. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटाने लावलेले हे वेड अजून उतरलेले नाही. मग घरात बैठक बसते. अब्बांना खर्चाची काळजी, अम्मीला फरशीवर सांडणाऱ्या पाण्याची, आणि दादीजान विचारतात, ‘समुद्राचा मासा घरात जगेल तरी का?’ खरा प्रश्न दादीजानचाच आहे. तो जगतो, पण जगणार की चार दिवसांत उलटा तरंगणार, हे मासा आणण्यापूर्वीच ठरते. ते ठरते वाळू आणि दगड मांडताना.

गोड्या पाण्याच्या टाकीत तळाचे खडे बहुधा शोभेसाठी असतात, पाणी साफ करायला फिल्टर असतो. खाऱ्या टाकीत दगड हाच फिल्टर. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. दगडाच्या बारीक छिद्रांत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बरेच सोसवते. दगडाच्या अगदी आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचाही वायू करून टाकतात. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहून दाखवले होते की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे साधे बुडबुडे एवढ्यावर सागरी मासे आणि प्रवाळ घरात तगतात. आजच्या साऱ्या खाऱ्या टाक्या कमी-अधिक त्याच वाटेने चालतात.

आता ‘समुद्रातले जिवंत दगड’ हे शब्द वाचून कुणी मालवणची वाट धरू नये. असा दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडा. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडाही त्यातच. गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे. ‘मेलेलाच तुकडा आहे, किनाऱ्यावर पडला होता’ ही सबब चालत नाही. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणून ओला, जांभळट, वासाचा दगड दाखवू लागला तर तो कुठून आला आणि कागद कुठे आहेत, हे विचारायला लाजू नये. परदेशातून आणलेल्या अशा दगडालाही साइट्सचे परवाने लागतात. आमचे मत सरळ आहे : घरात मूल निसर्ग शिकावे म्हणून टाकी घ्यायची, तर तिच्यासाठी समुद्राचा तुकडा तोडून आणायचा नाही.

मग घ्यायचे काय? कोरडा दगड. हा दोन प्रकारचा मिळतो. एक, लाखो वर्षांपूर्वीच्या प्रवाळखडकातला, जो आता जमिनीवरच्या खाणीतून निघतो. दुसरा, कारखान्यात सिमेंट किंवा सिरॅमिकचा बनवलेला. दोन्ही मेलेले, पण सच्छिद्र. जिवाणू नंतर येऊन वस्ती करतात. ओळखायची युक्ती सोपी आहे : हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. चुन्याचा दगड असेल तर सिरक्याचे दोन थेंब टाकताच फसफसतो. आपल्याकडचा काळा पाषाण फसफसत नाही. तो घट्ट आणि जड, जिवाणूंना त्यात जागा कमी. कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो खरा, पण त्यात लोह भरलेले असते आणि पाण्यात तो लाल माती सोडतो. तो कुंपणालाच बरा.

दगड घरी आला की ब्रशने घासून, साध्या पाण्याने धुऊन घ्यावा. जंतू मरावेत म्हणून दगड पातेल्यात उकळायचा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तो कृपा करून सोडावा. जुन्या टाकीतून आलेल्या दगडावर झोअँथिड नावाचे फुलासारखे जीव चिकटलेले असू शकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असते आणि उकळताना ते वाफेबरोबर हवेत येते. परदेशांत अशा एका पातेल्यामुळे घरची सगळी माणसे दवाखान्यात गेल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. तसेच संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पाणी, ब्रश आणि वेळ एवढे पुरते.

हिशोबासाठी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी धरू. काठोकाठ ती १८२ लिटरची; दगड-वाळू घालून आणि वर थोडी जागा सोडून पाणी राहते १५० लिटरच्या आसपास. काच, वाळू, दगड आणि पाणी मिळून वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे जाते. तेव्हा ती टीव्हीच्या टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे. भक्कम लोखंडी स्टँड हवा, त्यावर सपाट प्लायवूड आणि त्यावर फोमची शीट, आणि पाणसळ लावून पाहिलेली पातळी.

टाकीत आधी दगड जातो, वाळू नंतर. पुष्कळ जण उलटे करतात, कारण पसरलेल्या वाळूवर दगड छान बसलेले दिसतात. पण काही गोबी, पिस्तूल कोळंबी असे जीव बिळे करणारे. वाळूवर टेकलेल्या दगडाखाली त्यांनी पोखरले की दगड घसरतो, आणि त्याच्या वाटेत काच असते. रात्री दोन वाजता दीडशे लिटर खारे पाणी दिवाणखान्यात आले तर अम्मीची काळजी खरी ठरेल. म्हणून दगड थेट तळाच्या काचेवर टेकवावा. काचेवर एका बिंदूत भार येऊ नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकची जाळी घालावी. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे. वरून बोटाने दाबून पाहा. डुगडुगला तर फिरवून पुन्हा बसवा. उंच रचना करायची तर सांधे दोन भागांच्या इपॉक्सी लांबीने पक्के करावेत.

पूर्वी दर लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास दगड सांगत. म्हणजे आपल्या टाकीला १८-१९ किलो. दगड चांगला सच्छिद्र असेल तर त्याहून कमीही चालतो. भिंतीसारखा ढीग मात्र मागच्या काचेला लावून रचू नये. ढिगाच्या पोटात पाणी फिरत नाही, घाण साचते आणि नायट्रेट चढतच राहते. चारी बाजूंनी ५ ते ८ सेंटीमीटर मोकळे ठेवले की काच पुसायचे चुंबक फिरते. दोन छोटे डोंगर, मध्ये खिंड, एखादी कमान आणि लपायला दोन-तीन कपारी, एवढे पुष्कळ. हे काम कोरड्या टाकीत एका संध्याकाळी मुलांच्या हवाली करावे. ती चार वेळा रचतील, चार वेळा मोडतील. मोडू द्यावे, पाणी भरल्यावर मोडता येत नाही.

वाळूबाबत मोह मोठा, कारण कोकणात समुद्र दारात आहे. पण आपल्या किनाऱ्याची वाळू मुख्यतः गारगोटीची. रत्नागिरीकडे तर तिच्यात काळे लोहयुक्त खनिज मिसळलेले. शिवाय सांडपाणी आणि तेलाचा काय अंश तिच्यात आहे ते डोळ्यांना दिसत नाही. घ्यायची ती अरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू. सामू घसरू लागला तर ती थोडी विरघळून त्याला आधार देते. कण १ ते २ मिलिमीटरचा बरा : साखरेहून बारीक घेतला तर पंपाच्या झोताने उडतो, खडा घेतला तर फटींत अन्न सडते. जाडी ३-४ सेंटीमीटर. आपल्या टाकीला ४ सेंटीमीटरसाठी साधारण २५ किलो वाळू लागते. दहा-बारा सेंटीमीटरचे खोल थर मुद्दाम घालणारेही आहेत, मोनॅकोत ज्याँ जोबेर यांनी तशा थरांवर बरेच काम केले. पण असा थर चुकून ढवळला गेला तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू बाहेर पडतो. पहिल्या टाकीला ते नकोच.

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, तांदूळ धुतात तशी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. दहा-पंधरा पाणी लागतात. मग मगाने दगडांच्या भोवती सोडावी.

मिठाविषयी थोडे सांगतो, कारण दुकानात ‘समुद्रीच मीठ आहे ना?’ म्हणून साधे मीठ गळ्यात मारतात. मिठागरात पाणी आटून मीठ खाली बसते तेव्हा मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचा बराचसा भाग वरच्या कडू पाण्यात राहून जातो. उरते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. टाकीला मत्स्यालयासाठीचे तयार सागरी मीठच लागते, दर लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. म्हणजे १५० लिटरला साडेपाच किलोच्या आसपास. पाणी आरओचे, पण खनिजे परत न मिसळलेले. वेगळ्या पिंपात एक दिवस पंप फिरवून, घनता १.०२५ आली की वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळू ओतावे. तरी पाणी दुधाळ होईलच. दोन-तीन दिवसांत निवळते. पुढे पाणी आटले की मीठ आत राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

आणि इथून मुलांच्या सब्राची परीक्षा. टाकी सुंदर दिसते आणि रिकामी असते. जिवाणूंना अन्न म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड घालावे, १५० लिटरला सुमारे १ ग्रॅम. त्याने लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होतो. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण बाजारातला खडा अशुद्ध. प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्यावे. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांनी काम लवकर होते. नुसत्या कोरड्या दगडावर ४ ते ६ आठवडे, कधी जास्तही. दर दोन दिवसांनी चाचणी किटने मोजून मुलाने वहीत तक्ता भरावा : अमोनिया चढून उतरतो, मागोमाग नायट्राइट चढतो आणि उतरतो, मग नायट्रेट दिसू लागतो. मध्येच दगडांवर तपकिरी बुरशीसारखा थर चढेल. तो डायटम शेवाळाचा, बहुधा आपोआप जातो. त्यासाठी औषध घालू नये.

तोच १ ग्रॅम पुन्हा घातला आणि २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की निम्मे पाणी बदलून क्लाउनफिशची एक जोडी आणावी. हा मासा आता आपल्या देशात हॅचरीत निपजतो. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तोच मागावा. फक्त ती जोडी. तिसऱ्या माशाचा विषय महिनाभर काढू देऊ नये.