गाडी घरीच राहू द्या

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. एरवी पहाटे तीनला लोकल धावत नाही, पण त्या दिवशी उपनगरांतून धावपटूंसाठी खास गाड्या सुटतात. डब्यात कुणी टी-शर्टवर सेफ्टी पिनांनी नंबर लावत असतो, कुणी केळं सोलत असतो.

2004 साली सुरू झालेल्या या स्पर्धेचं नियोजन पाणी आणि पदकांइतकंच या गाड्यांवर उभं आहे. दक्षिण मुंबईत एवढ्या मोटारी लावायला जागा नाहीच. त्यात मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली हे रस्ते पहाटेपासून बंद. अर्धमॅरेथॉनवाल्यांची पंचाईत तर आणखी वेगळी: सुरुवात माहीमला, शेवट सीएसएमटीजवळ. माहीमला गाडी लावली, तर एकवीस किलोमीटर धावून थकलेल्या पायांनी ती आणायला परत तिथंच जायचं!

बॉस्टन मॅरेथॉनचा मार्गही असाच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा. तिथले आयोजक धावपटूंना सकाळीच पिवळ्या स्कूल बसमधून हॉपकिन्टन गावी नेऊन सोडतात. धावत परतायचं ते शहरातच.

आपल्याकडच्या लहान शहरांत मॅरेथॉन वाढताहेत, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र तिथं रात्री लोकल नसते, पहाटे एसटी मिळेलच असं नाही. आयोजकांनी बक्षिसांच्या रकमा जाहीर करण्याआधी बसचं वेळापत्रक जाहीर करावं. रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवावी, रस्ते कधी बंद होणार हे रहिवाशांना आठवडाभर आधी कळवावं. आणि धावपटूंनो, नावनोंदणी करतानाच विचारा: पहाटे तिथं पोहोचायचं कसं?