पाटीवर 'वाइन', आत व्हिस्की

सुट्ट्या लागल्या की आमच्या नाशिकमध्ये हल्ली एक नवा प्रश्न कानावर येतो. "सिंगापूरच्या क्रूझवर चाललोय, एक चांगली वाइन बरोबर न्यायची आहे. घेऊ कुठून?" विचारणारे कोणी रंगेल लोक नाहीत. दिंडोरीचे द्राक्षबागायतदार असतात, निवृत्त बँकवाले असतात, लग्नाची पंचवीस वर्षं साजरी करायला निघालेलं जोडपं असतं. प्रश्न साधा आहे. पण उत्तर शोधायला निघालं की आपल्या राज्याच्या दारूधोरणाची सगळी गंमत उघडी पडते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कामाचं.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटीवर जाणार असाल तर प्रश्नच मिटला. बाहेरची दारू तिथे बहुधा चालत नाही, त्यामुळे आधी तिकिटाच्या अटी वाचा. परदेशातून सुटणाऱ्या मोठ्या बोटींचं वेगळं आहे. तिथल्या अनेक कंपन्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला चढायच्या दिवशी ७५० मिलीची एक सीलबंद वाइन आणू देतात, तीही हातातल्या सामानातून. व्हिस्की, रम, बिअर चालत नाही. आणलेली बाटली बोटीवरच्या हॉटेलात उघडायची तर वेगळे पैसे मोजावे लागतात. मधल्या बंदरावर घेतलेली दारू बोटवाले ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. म्हणजे न्यायची ती एकच बाटली, आणि ती चढायच्या आधीच घेतलेली हवी.

आता कुठून घ्यायची? पर्याय तीन.

पहिला, सिंगापूरला उतरल्यावर. चांगी विमानतळावर सामान घ्यायच्या जागेजवळच ड्यूटी फ्री आहे. भारतातून गेलेल्या प्रौढ माणसाला तिथे दोन लिटरपर्यंत वाइन करमुक्त नेता येते. शहरात शिरल्यावर मात्र दारू महाग, आणि रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानात विक्री बंद. रात्रीच्या विमानानं पोचून सकाळी बघू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा, आपल्या गल्लीतलं वाइन शॉप.

तिसरा, आपल्याच जिल्ह्यातली वायनरी. तिथे चाखून घेता येतं, बाटली थंड जागेत ठेवलेली असते, माहीतगार माणूस समजावून सांगतो, पक्कं बिल मिळतं. हजाराच्या आत चांगली बाटली येते. विमानात केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही, म्हणून कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकायची आणि बोटीवर चढताना हातात घ्यायची. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका, उन्हानं वाइनची चव मरते.

माझं उत्तर तिसरं. सिंगापूरच्या बोटीवर ऑस्ट्रेलियाची नाहीतर फ्रान्सची वाइन हवी तेवढी मिळते. आपल्या मातीतली मिळेलच असं नाही. न्यायचीच तर ती न्या.

पण ज्याला गंगापूर धरणाकडे किंवा विंचूरकडे जायला वेळ नाही त्यानं काय करायचं? त्याला दुसरा पर्याय उरतो, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

आपल्याकडच्या 'वाइन शॉप'मध्ये वाइन सोडून सगळं मिळतं. पाटीवर वाइन, आत व्हिस्की. वाइनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, महिनोन्‌महिने उभ्या. वर धूळ. कोणती गोड, कोणती कोरडी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "साहेब, लाल की पांढरी तेवढं सांगा." पुढे जाळी, जाळीपुढे क्वार्टर मागणाऱ्यांची झुंबड. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला नवऱ्यासोबतच्या प्रवासासाठी एक बाटली हवी होती. त्या दोनदा दुकानासमोरून नुसत्या चालत गेल्या आणि शेवटी भाच्याला पाठवलं. ज्या जिल्ह्याच्या वाइनला 'नाशिक व्हॅली वाइन' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच जिल्ह्यात एका सभ्य बाईला सभ्यपणे बाटली घेता येत नाही. हे आपल्याला कधी खटकत कसं नाही?

आता कुणी म्हणेल, एका बाटलीचं काय एवढं कौतुक! कौतुक बाटलीचं नाही, तिच्यामागच्या शेतकऱ्याचं आहे. खायची द्राक्षं बाजारात पडली तर बेदाणा तरी करता येतो. वाइनची द्राक्षं लहान, बियांची, जाड सालीची. वायनरीनं उचलली नाहीत तर ती जवळजवळ वाया जातात. २००८ च्या मंदीनंतर हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. वायनऱ्या अडचणीत आल्या, पैसे थकले आणि निफाड-दिंडोरीकडे शेतकऱ्यांनी उभे वेल उपटून टाकले. तेव्हा वाइनच्या नावानं भाषणं करणारे कुठे होते, आठवून बघा.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. राज्यातल्या द्राक्षांपासून बनलेल्या वाइनवर जो २० टक्के व्हॅट बसतो, त्यातला १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे. म्हणजे बनवणाऱ्याला सरकार पैसे देतं, आणि विकत घेणाऱ्याला जाळीपुढच्या गर्दीत उभं करतं. हा कुठला हिशेब?

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूनं संस्कृती बुडाल्याची ओरड, दुसऱ्या बाजूनं वाइन म्हणजे दारूच नव्हे असा दावा. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. हरकती-सूचना मागवल्या गेल्या, पुढे सरकार बदललं आणि विषय बासनात गेला.

मला दोन्ही बाजू पटल्या नव्हत्या, आजही पटत नाहीत. वाइन ही दारूच आहे. तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं आणि ती रोज प्यायली तर घर आणि लिव्हर दोन्ही बिघडतं. शेतकऱ्याच्या नावाखाली तिला फळांचा रस ठरवू नका. बिस्किटांच्या शेजारी तिचं कपाट नको, हे म्हणणाऱ्या आयांचं मला पटतं. 'आडवी बाटली' करून प्रभागातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायांनी काय सोसलंय, हे त्यांच्या दारात गेल्याशिवाय कळत नाही.

पण त्या बाया ज्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या ते हेच, क्वार्टरवाल्यांच्या झुंबडीचं दुकान. आणि वाइन आपण नेमकी तिथेच नेऊन ठेवलीय. वाइनचा शेतकरीही त्यात भरडला जातो आणि त्या बायांचा प्रश्नही सुटत नाही.

शिवाय परवान्याचं नाटक आहेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे आहे? दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईक सांगत नाही. एरवी सगळे डोळे मिटून असतात, आणि कुणाला अडकवायचं असेल तेव्हा मात्र हाच कायदा आठवतो. क्रूझला निघालेल्यांना माझा सल्ला, उत्पादन शुल्क विभागाकडून परवाना रीतसर काढून घ्या. आणि प्रवास निवडणुकीच्या किंवा कोरड्या दिवसाच्या आगेमागे असेल तर बाटली दोन-चार दिवस आधीच घ्या. गोव्याहून परत येताना मात्र स्वस्त मिळाली म्हणून कागदाशिवाय बाटल्या आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर सुट्टीची मजा उतरते.

मग हवं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, फक्त वाइन विकणारी छोटी, उजेडाची, माहीतगार माणूस असलेली दुकानं. त्यात व्हिस्की नको, क्वार्टर नको. शाळा-देवळांपासून लांब, वयाचा दाखला बघून विक्री. कुठे काढायचं ते प्रभागातल्या महिलांना विचारून.

दोन, ओझरच्या विमानतळावर आणि मुंबईत बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवर राज्याच्या वाइनचा एक काउंटर. सीलबंद पिशवी, छापील बिल. पर्यटन वाढवायचं म्हणून टर्मिनल बांधतो, तर तिथून जाणाऱ्याच्या हातात पैठणीबरोबर निफाडची वाइनही दिसू दे.

तीन, परवाना ठेवायचा तर खरोखर तपासा, नाहीतर काढून टाका. कुणीच न पाळणारा कायदा कागदावर ठेवला की इतर कायद्यांचीही किंमत कमी होते.

यात कुणाला प्यायला लावायचा हेतू नाही. न पिणारा माणूस शहाणाच. पण जो वर्षातून एकदा एक बाटली उघडणार आहे, त्याला चोरासारखं वागवून दारूबंदी होत नाही. तो मुकाट्यानं चांगीच्या ड्यूटी फ्रीमधून ऑस्ट्रेलियाची बाटली उचलतो. पैसे तिकडच्या बागायतदाराला जातात आणि आपला बागायतदार वायनरीच्या फाटकावर भाव ठरायची वाट बघत बसतो.

पुढच्या वेळी आमदार-खासदार मतं मागायला दारात येतील तेव्हा द्राक्षाच्या भावाबरोबर हेही विचारा. आणि माझं चुकत असेल तर जरूर सांगा, विशेषतः ज्यांनी दारूपायी घरात काही सोसलंय त्यांनी. त्यांचं म्हणणं मला आधी ऐकायचंय.