कियांग आणि लंगरचा कचरा

पूर्व लडाखमध्ये नवा आलेला जवान घरी फोनवर हमखास सांगतो, "इथं जंगली घोडे आहेत." ते घोडे नव्हेत. तो कियांग, म्हणजे रानगाढव. खऱ्या रानघोड्याची जगात आज एकच जात उरली आहे, मंगोलियातला प्रझेवाल्स्की. गाढव म्हटलं की आपल्याकडे हसतात. पण हानलेच्या मैदानात, 14,000 फुटांवर, तांबूस पाठीचं आणि पांढऱ्या पोटाचं हे जनावर गाडीला समांतर धावताना पाहिलं की हसू जिरतं. रानगाढवांत सर्वांत मोठं हेच.

ही शर्यत मात्र बंद व्हायला हवी. आपल्याला गंमत वाटते, व्हिडिओ मिळतो. त्या विरळ हवेत कळप उधळतो, शिंगरू मागे पडतं.

कियांग वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि चांगथांग अभयारण्य 1987 पासून आहे. कागद पक्के आहेत. चांगपा मेंढपाळांची तक्रारही खरी आहे. पश्मिना बकऱ्यांसाठी हिवाळ्याकरता राखलेल्या कुरणात कियांगांचा कळप शिरला, तर त्या घराचं नुकसानच. पण कुरणं अपुरी पडली ती एकट्या कियांगामुळे नाही. 1962 नंतर सीमेपलीकडची चराई तुटली, तिबेटमधून निर्वासित आपली जनावरं घेऊन आले, पश्मिन्याची मागणी वाढली. सगळा राग कियांगावर काढणं सोपं, एवढंच.

आपल्या वाट्याचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे कुत्री. चौकीवर थंडीत कुत्र्याची सोबत किती मोलाची, हे तिथं राहिलेल्याला सांगायला नको. रात्री आधी तेच भुंकतं. पण लंगरमागे उघड्यावर पडणाऱ्या उष्ट्यावर दोनाची वीस होतात. जवान बदलून जातात, कुत्री तिथंच राहतात आणि टोळीनं शिकार करतात. कियांगाची शिंगरं, मेंढपाळांची करडं, काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी, काहीच सुटत नाही. कियांगाची मादी जवळजवळ वर्षभर गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते.

दारूगोळ्याचा हिशेब आपण एकेका गोळीपर्यंत ठेवतो. उष्ट्याचा खड्डा रोज झाकला जातो का, हे सकाळच्या फेरीत पाहणं सुभेदारसाहेबांना जड नाही. चौकीवरच्या कुत्र्यांची मोजणी आणि पशुसंवर्धन खात्याच्या मदतीनं नसबंदी, एवढंही चार्ज देताघेताना लिहून द्यावं. जुलै-ऑगस्टमध्ये शिंगरं जन्मतात, त्याआधी.