कोणाच्या संतोषासाठीं?



दहावीचा निकाल लागला कीं दाखले नेण्यासाठीं पालक व पाल्य यांच्या जोड्या शाळेच्या कचेरीबाहेर उभ्या राहतात. "पुढें काय शिकणार?" असें विचारलें, तर मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहतो, आणि जरा लक्ष देऊन पाहिलें, तर बापही दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत असतो. थोरल्या भावाचा मुलगा कोट्यास गेला, शेजारच्या वकिलांची मुलगी डॉक्टरीस लागली, मग आपणच मागें कां राहावें! अशा रीतीनें त्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय जीं माणसें करितात, त्यांस त्या निर्णयाची वार्ताही नसते.

या विषयावर बोलतांना परदेशांतील थोरांचीं चरित्रें पुढें करण्याची आम्हां शिक्षकांस खोड आहे. तितके दूर जाण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्या बुलढाण्यांतच एक बाई होऊन गेल्या.

ताराबाई शिंदे यांचा जन्म सुमारें १८५० सालचा. वडील बापूजी हरि शिंदे हे येथील सरकारी कचेरींत हेड क्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्या काळीं या भागांत मुलींची शाळा नव्हती. बापूजींनीं आपल्या एकुलत्या एका कन्येस घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. लग्न लहानपणींच झालें. परंतु जांवई घरींच येऊन राहिल्यामुळें ताराबाईंचें माहेर सुटलें नाहीं. म्हणजे मनांत आणलें असतें तर चारचौघींसारखें, किंबहुना चारचौघींहून सुखानें, आयुष्य काढणें त्यांस सहज शक्य होतें.

१८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेस, लोकनिंदेच्या भयानें आपल्या नवजात अपत्याची हत्या केल्याबद्दल, फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती बदलून जन्माचें काळें पाणी झालें. या खटल्याचें निमित्त करून वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडूं लागले. 'पुणेवैभव' पत्र त्यांतलेंच एक. तें वाचून ताराबाईंनीं लेखणी उचलली. १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत 'स्त्रीपुरुषतुलना' हें त्यांचें पुस्तक छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, आणि विधवेस पुनर्विवाहाची वाट बंद करणारे कोण, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. भाषा वऱ्हाडच्या उन्हासारखी; सांवली शोधूनही सांपडत नाहीं!

लोकांनीं त्यांची कुचेष्टा केली. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'मध्यें त्यांची बाजू घेतली, हें खरें. तथापि ताराबाईंनीं त्यानंतर दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. सुमारें १९१० सालीं त्या निवर्तल्या.

येथवर आलें कीं बहुतेक वक्ते लगबगीनें सांगतात कीं, पुढें जगानें त्यांस मानलेंच. मानलें, यांत संशय नाहीं. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुस्तक पुन्हां उजेडांत आणलें; १९९४ सालीं रोझलिंड ओ'हॅनलन या विदुषींनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. परंतु हें समाधान मला फसवें वाटतें. "आज हंसणारे उद्यां वाखाणतील" या आशेवर जो आपला मार्ग निवडतो, तोही लोकांच्याच दाराशीं उभा आहे. दार उघडण्याची वेळ तेवढी त्यानें पुढें ढकलली. त्र्याण्णव वर्षांनंतर काय होईल हें ताराबाईंस कोठें ठाऊक होतें? त्यांच्या हातीं होत्या त्या पांचशें प्रती आणि लोकांचें हंसें. त्यांचें करणें योग्य असेल, तर तें त्याच दिवशीं योग्य होतें.

स्वतः केलेल्या निवडीची किंमतही स्वतःसच द्यावी लागते, हें मुलांपासून लपवूं नये. (अभ्यास चुकवून "मी माझ्या मनाचा राजा" म्हणणाऱ्यानें ताराबाईंचें नांव घेऊं नये. बोलण्यापूर्वीं त्या तीन भाषा शिकल्या होत्या.)

आतां पालकांविषयीं दोन शब्द. आईबापांची काळजी आणि लोकांचें बोलणें या दोहोंस एकाच तागडींत घालणें अन्यायाचें होईल. आपला जिल्हा कोरडवाहू. एक पाऊस चुकला कीं कपाशी व सोयाबीन दोन्ही हातचीं जातात. ज्यानें तें सोसलें, तो मुलानें महिन्याचा बांधलेला पगार मिळवावा असें म्हणत असेल, तर त्याचें म्हणणें मुलानें बसून ऐकलें पाहिजे, आणि आपल्याला हव्या त्या विद्येनें पोट कसें भरेल याचें उत्तरही दिलें पाहिजे. मात्र पालकांनींही आपल्या मनास एकदां विचारावें: मला धास्ती आहे ती याच्या भाकरीची, कीं लग्नकार्यांत पाहुणे विचारतील त्या प्रश्नाची? पहिली धास्ती मुलास उघड सांगावी. दुसरी त्याच्या माथीं मारूं नये.

बापूजींनीं मुलीस अक्षरें शिकविलीं, तेव्हां ती पुढें काय लिहील हें त्यांस कळणें शक्यच नव्हतें. तरी त्यांनीं शिकविलें. आजचा पालक मात्र फी भरण्याआधींच फळ कोणतें यावें हें ठरवून बसतो.

निकालानंतर दाखला नेण्यास याल, तेव्हां बाहेरच्या बांकावर थोडा वेळ बसा आणि मुलास किंवा मुलीस विचारा, तुला काय करावेंसें वाटतें? उत्तर लवकर आलें नाहीं तर रागावूं नका. हा प्रश्न त्यास आजवर कोणी विचारलेलाच नसेल.